वरचा डावा दुसरा दात

९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी आज ही कोरी वही हातात ठेवली. "काका, नातवाच्या सगळ्या नोंदी यात करा. किती तापतो, काय खातो, काय थुंकतो. कातडीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायच्यात." त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून अठरा वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतोय, पण लिखाणाचं काम पहिल्यांदाच मिळालं. अक्षर चांगलं आहे माझं, कोणी विचारत नाही इतकंच.

तर नोंद. मुलीचा मुलगा, वय साडेचार. घरात सगळे त्याला बोका म्हणतात, कारण तोंडात दात दोनच, वरचे, आणि दोन्ही टोकदार. बाकी नुसत्या हिरड्या. केस विरळ, भुवया असून नसल्यासारख्या. अंगाला घाम येत नाही, त्यामुळे ऊन वाढलं की पोरगं तव्यासारखं तापतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जन्मजात आजार. कातडी, केस, घाम आणि दात यांची पोटात असताना एकत्रच सुरुवात होते, तिथेच काहीतरी राहून गेलं. जूनमध्ये शाळा आहे, त्याआधी कवळी हवी. ती मी करणार. आणखी कोण करणार?

शेवटी म्हणाल्या, "हे रक्तातून येतं."

मी लगेच शेजारी बसलेल्या विहीणबाईंकडे पाहिलं. त्या आधीपासूनच माझ्याकडे बघत होत्या.

११ मार्च

हे पान डॉक्टरांना द्यायच्या आधी फाडायचं आहे.

माझी गोष्ट वेगळी आहे, गैरसमज नको. मलाही दात आले नाहीत. तीन आले होते, टोकदार, ते एकोणिसाव्या वर्षी काढून टाकले. पण ते तापामुळे. आठ महिन्यांचा असताना मला जबर ताप आला आणि त्यात दातांची मुळंच जळाली, असं आई सांगायची. माझ्या मामालाही लहानपणी तसाच ताप आला होता, त्याचीही जळाली. आईच्या माहेरचे तापच वाईट.

शाळेत मला 'बोळकं' म्हणायचे. फळ्यावर चित्र काढायचे, एक गोल आणि आत काहीच नाही. कवळ्या करणाऱ्या मास्तरांकडे दात मागायला गेलो आणि उमेदवार म्हणून तिथेच राहिलो. हाताखालून निघालेली पहिली कवळी माझीच. त्यानंतर मला बिनदाताचं कोणी पाहिलेलं नाही. हिनेसुद्धा नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली! बाथरूमची कडी आणि शिस्त, दुसरं काही लागत नाही.

नशीब एवढंच की हिला स्वतःलाच सगळं मऊ आवडतं. भात गिजगिजा, गाजर किसून, सफरचंदाच्या फोडी कागदासारख्या. बाथरूमच्या कट्ट्यावर एक स्टीलची वाटी रोज पाण्याने भरून ठेवते. कशाला ते तिलाच ठाऊक, मला मात्र फार सोयीची पडते.

१६ मार्च

ऊन वाढलं. दुपारी बोका लालबुंद, कपाळाला हात लावला तर चटका. मुलगी घाबरली. मी म्हटलं, घाबरतेस काय, मलाही उन्हाळ्यात असंच होतं. बादलीत पाणी घेतलं, त्याचे पाय घातले, माझेही घातले, दोघांच्या डोक्यावर ओला नॅपकिन टाकला. अर्ध्या तासात गडी थंड. मला आयुष्यात घाम आला नाही. मी डोक्याने काम करणारा माणूस, मला कशाला येईल?

ही दारातून बघून म्हणाली, "एक नग पुरे होता मला."

कामाचं एक. निवृत्त पोस्टमास्तर कवळी दाखवायला आले होते. म्हणाले, "पन्नास वर्षांनी शाळेतला मित्र भेटला, तो म्हणतो, तुझे दात अजून जसेच्या तसे!" मी नुसता हसलो. दात शिपायांसारखे सरळ रांगेत उभे केले की माणूस हसताना कपाट उघडल्यासारखा दिसतो. म्हणून मी वरच्या रांगेतला डावा दुसरा दात मेणात बसवताना किंचित आत वळवतो. तांदळाच्या दाण्याएवढा. मग ती कवळी वाटतच नाही. हे मास्तरांनी शिकवलेलं नाही, माझं स्वतःचं आहे. अठरा वर्षांत त्याशिवाय एकही कवळी या खोलीबाहेर गेलेली नाही.

२२ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाईंना दोन्ही घरच्या माणसांच्या दातांचे साचे हवेत, आजार कुठून आला ते कळायला. जावयाकडची मापं घ्यायला मी एका पायावर तयार झालो. सगळं सामान पिशवीत भरून त्यांच्या घरी हजर.

माप घेणं म्हणजे चमच्यासारख्या पसरट साच्यात ओला लगदा भरून तो दातांवर दाबून धरायचा. व्याही ओकारी काढत होते, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जावई मुकाट बसला, तो तसाही मुकाटच असतो. मग विहीणबाई. त्या बसता बसता म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत असं काही नाही हो! तुमच्या मुलीने त्या नऊ महिन्यांत काय काय खाल्लं कोण जा..." आणि मी साचा आत घातला. लगदा तीन मिनिटांत घट्ट होतो. मी सात मिनिटं ठेवला. त्या घरात इतकी शांतता मी मुलीच्या लग्नानंतर प्रथमच अनुभवली.

परतताना मुलगी बसस्टॉपपर्यंत आली. नुसती पायांकडे बघत चालली. मग म्हणाली, "बाबा, मला सहाव्या महिन्यात सर्दी झाली होती. त्या गोळ्यांमुळे तर नसेल?" मी म्हटलं, वेडी आहेस का? थांब, मी शोधतो कोणाच्या रक्तातलं आहे ते. त्यांचे दात त्यांच्याच घशात घालतो.

२४ मार्च

मापांत प्लास्टर ओतून केलेले साचे वाळले. व्याह्यांचे दात पूर्ण. जावयाचे पूर्ण. विहीणबाईंचे बत्तीसच्या बत्तीस, एकही किडका नाही, त्यांना दगड दिला तर दगड चावतील. हा काय प्रकार?

मुलीला फोन करून विचारलं, त्यांच्याकडचा कोणी मेलेला माणूस वगैरे? म्हणाली, सासऱ्यांच्या काकांचा फोटो आहे भिंतीवर. पाठवायला सांगितला. ओठ घट्ट मिटलेले! मी म्हटलं, सापडला. ती म्हणाली, "बाबा, जुन्या फोटोत कोणीच हसत नाही. आपल्या मामाआजोबांचा फोटो बघा ना."

बघितला. टोपी, मिटलेले ओठ, भुवया नाहीत. पण त्याला ताप आला होता.

२७ मार्च

आमच्या बाजूचे साचे. हिचं माप घेतलं, दात उत्तम. मुलीचं घेतलं. तिला वरचा एक दात आलाच नव्हता आणि एक सुईसारखा आला होता. बारा वर्षांची असताना दोन्ही मीच नीट करून दिले. लहानपणी पडली असेल कुठेतरी. घामाचं म्हणाल तर तिला पाठीवर पट्ट्यापट्ट्यांनी येतो, ब्लाउज एका बाजूने भिजतो आणि दुसरी बाजू कोरडी. पण बायकांचं काय काय असतं.

मग माझा नंबर. हिरड्यांचं माप द्यायचं म्हणजे चौतीस वर्षांवर पाणी. शिवाय माझं तापाचं, त्याचा इथे संबंधच नाही, उगाच डॉक्टरांची दिशाभूल. खोलीला आतून कडी लावली, कवळी तोंडात ठेवूनच माप घेतलं आणि प्लास्टर ओतलं. साचा इतका सुबक आला की मीच बघत बसलो. चिठ्ठी चिकटवून दिला पाठवून.

१४ एप्रिल

बारा दिवस बोक्याच्या कवळीवर होतो. एवढ्याशा तोंडात चिमुकले दात बसवायचे म्हणजे डोळे फुटतात. मोठ्या माणसाचे दात छोटे करून चालत नाही, दुधाचे दात बुटके आणि जरा विरळच हवेत. त्याच्या दोन टोकदार दातांना आत घर ठेवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, सरळ करा हं, त्याला कोणी हसायला नको." म्हणून डावा दुसरा न वळवता तसाच सरळ ठेवला. आयुष्यातली पहिली अशी कवळी.

आज घातली. काय दिसत होता! मुलगी रडायला लागली, मीही चष्मा पुसला. बोक्याने आरशात पाहिलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, कवळी काढली आणि चहाच्या कपात टाकली. विहीणबाईंच्या.

१९ एप्रिल

कवळी सापडलेल्या जागा: बुटात, उशीच्या अभ्र्यात, कुंडीत (पुरलेली, वर पाणीही घातलेलं). शेजारची मुलगी गाजर कर्रकन चावते, ते तो तोंड वासून बघत बसतो. म्हटलं, कवळी घाल, तुलाही तसं चावता येईल. घालत नाही म्हणजे नाही.

शेवटी मांडीवर घेऊन विचारलं. म्हणाला, "आईचे दात खरे. बाबांचे खरे. आजीचे खरे. तुमचे पण खरे. मला एकट्यालाच खोटे. मी नाही घालणार."

मी "खाऊ हवा का?" असं विचारलं. काय माणूस आहे मी!

२४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून दार लावून घेतलं. टेबलावर चार साचे मांडले होते. एक पोस्टमास्तरांच्या कवळीचा, एक शिंपीणबाईंच्या, एक त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या. तिन्ही माझी कामं. चौथ्यावर माझ्याच हातची चिठ्ठी.

"काका, वरचा डावा दुसरा बघा."

मी बघितला. चारही साच्यांत तो तांदळाच्या दाण्याएवढा आत वळलेला.

"चौघांचा एकच दात, एकाच बाजूला, एवढाच वळलेला. देव इतका नेमाने काम करत नाही. तुम्ही करता."

मी माझा साचा उचलून पालथा ठेवला. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "कधीपासून?" मी तापाचं सांगितलं. मामाचं सांगितलं. त्यांनी कागद घेतला, मामाचा चौकोन काढला, आईचा गोल, माझा चौकोन, मुलीचा गोल, बोक्याचा चौकोन. रेघा जोडल्या. आईला स्वतःला विशेष काही नाही पण तिच्याकडून मला, माझ्याकडून मुलीला, मुलीकडून बोक्याला. तापाने दात जळत नाहीत म्हणाल्या. मुलग्यांच्या बाबतीत हे आईकडून येतं, म्हणजे जावयाच्या घराचा यात काडीचाही संबंध नाही.

"मी कोणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलीला कळायला हवं, काका. ती प्रत्येक वेळी मला त्या सर्दीच्या गोळ्यांबद्दल विचारते."

२५ एप्रिल

आज नोंद करण्यासारखं काही नाही.

२८ एप्रिल

आजही नाही. बोका तापला होता, बादलीत पाय घालून बसलो. त्याने माझ्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, "आजोबा, तुमचे केस माझ्यासारखे." साडेचार वर्षांच्या पोराला दिसतं. मला एकसष्ट वर्षांत दिसलं नाही की मी बघितलंच नाही, देव जाणे.

आई खोटं बोलत नव्हती. तिलाही कोणीतरी तापाचंच सांगितलं असणार.

सांगायला काय हरकत आहे? हरकत एकच. हिच्यासमोर बोळकं व्हायचं. चौतीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला तो फळ्यावरचा रिकामा गोल होता, हे तिने बघायचं. ते मला नाही जमणार. भ्याडपणा आहे, लिहून ठेवतो.

३ मे, रविवार

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दोन्ही घरची माणसं आमच्याकडे जेवायला. बोक्याची कवळी रुमालात. तो भात गिळत होता. विहीणबाई म्हणाल्या, "शाळेत मुलं काय म्हणतील याला? मी तेव्हाच म्हटलं होतं सूनबाईंना, गरोदरपणी गोळ्या..."

मुलीने घास खाली ठेवला. तिचा चेहरा बघितला आणि माझं काय झालं कोण जाणे. तोंडात दोन बोटं घातली, आधी खालची कवळी काढली, मग वरची, आणि दोन्ही ताटात भाताशेजारी ठेवल्या.

व्याह्यांच्या हातातला चमचा पडला. विहीणबाईंच्या तोंडात या वेळी साचा नव्हता, तरी आवाज नाही.

मी बोलायला लागलो. सगळं घडाघडा सांगितलं, मामा, आई, ताप, चौकोन आणि गोल. पण कवळीशिवाय मी चाळीस वर्षांत कोणाशी बोललेलो नाही. नुसती फसफस बाहेर पडत होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जावई म्हणाला, "बाबा, पाणी देऊ का?"

बोक्याला मात्र अक्षर न् अक्षर कळत होतं. तो तरी वेगळं कुठे बोलतो? खुर्चीवर उभा राहिला आणि मी एक वाक्य म्हटलं की तो सगळ्यांना सांगायला लागला, एखाद्या वकिलासारखा.

"आजोबा म्हणतात, मला पण दात आलेच नाहीत."

"आजोबा म्हणतात, हे माझ्याकडून आलंय."

"आजोबा म्हणतात, गोळ्यांचं काही नाही. आईचं काही चुकलं नाही."

तिथे मुलगी उठली. वाटलं जवळ येईल. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "पाच वर्षं, बाबा," ती म्हणाली. "पाच वर्षं मी एकेक दिवस आठवून बघतेय, मी काय खाल्लं, कुठे गेले, काय केलं. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात." मी ताट बाजूला सारलं. मग ती आली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि एक गुद्दाही घातला. दोन्ही मिळायला हवेच होते.

विहीणबाई उठल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "माझंही चुकलं गं." मग माझ्याकडे वळून, "तरी मी म्हणायचे, या वयात एवढी बत्तिशी कशी काय बाई!"

मला हिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. ही शांतपणे भात वाढत होती. "झाकून ठेवा ती ताटातली, माशी बसेल," म्हणाली.

मी म्हटलं (बोक्याने सांगितलं), "तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"कसलं आश्चर्य? वाटीत रोज पाणी मी कशाला भरते वाटलं तुम्हाला? मला चकलीसारखं कडक गाजर आवडतं हो. चौतीस वर्षं किसून खातेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने कडी लावायचा. म्हटलं, असू दे."

बोका तोवर खुर्चीवरून उतरला होता. माझ्या तोंडात डोकावून बघत होता, अगदी नाक आत घालून. "आजोबा, तुम्हाला तर माझ्यापेक्षा पण कमी आहेत!" इतका आनंद त्याला वाढदिवसाला झाला नव्हता. रुमालातली कवळी त्याने स्वतःच घेतली, स्वतःच घातली आणि म्हणाला, "आता तुम्ही."

मी घातली.

१२ जून

काल शाळेचा पहिला दिवस झाला. आज वर्गाच्या बाईंची चिठ्ठी आली: आपल्या पाल्याने वर्गात दात काढून सर्वांना दाखवले, तरी समज द्यावी. खाली दुसऱ्या शाईत: चार मुलांनी घरी जाऊन असेच दात मागितले आहेत, पालकांचे फोन येत आहेत, कृपया आपण येऊन मुलांना समजावून सांगावे.

जाणार आहे. बोक्याची अट आहे, मीही काढून दाखवायचे. फळा असेल तिथे. असू दे.

१३ जून

मोठ्या डॉक्टरांची तारीख परवाची, वही द्यायची आहे. ११ मार्चचं पान फाडायचं राहिलं होतं. फाडायला घेतलं आणि ठेवून दिलं. त्यांनाही कळू दे आमचे ताप कसे असतात.

बोक्याची तक्रार आहे की त्याची कवळी चुकली. "तुमचा इथला दात वाकडा आहे, माझा सरळ. मी तुमचा नातू आहे ना?" जबडा वाढेल तशी नवी करावीच लागणार, पण साहेब थांबायला तयार नाहीत. सकाळी बसून मेण तापवलं आणि डावा दुसरा वळवून दिला. तांदळाच्या दाण्याएवढा नाही, साबुदाण्याएवढा. मुलगी बघत होती, हसली फक्त.

बोका आजपासून आठवडाभर आमच्याकडे. आंघोळीला गेलो तर कट्ट्यावर दोन वाट्या. एक माझी, एक औषधाच्या मापाएवढी, दोन्हीत पाणी. बाहेरून हिचा आवाज आला, "कडी लावू नका हो, तोही यायचाय."